आधीच चालू आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारी सांगलीहून एसटीने रत्नागिरीला उतरले आणि आज सकाळी नऊला कामावर रुजूही झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, हे ऐकून साखर कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी तोंडं वाकडी केली होती. करू देत. तीस वर्षं कामगार विभाग सांभाळला आहे. बी.कॉम.च्या वर्गात आम्ही चारच मुली होतो. घरी बसून वाती वळायला मी शिकले नाही.

खोली नाचणे रोडला, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीणबाई. समोर चिऱ्याच्या दगडांचा गडगा, पलीकडे आंब्याच्या कलमांची बाग. हवा दमट आहे, पण उजेड भरपूर. मला आवडली.

कारखाना मासळी गोठवण्याचा. दीडशे बायका कोळंबी सोलायला येतात, बहुतेक खाडीकाठच्या. कोणी किती वाजता यायचं, कोणत्या टेबलाला बसायचं, ती यादी काढणं हे माझं काम. माझ्या आधीची संध्या पालशेतकर ऑगस्टमध्ये सोडून गेली. व्यवस्थापक हर्षद चाळिशीचा आहे, बोलघेवडा, शर्टाचं वरचं बटण उघडं. मी बघितल्यावर त्याने ते लावलं. झाडलोट आणि चहापाणी बघणारी शकू माझ्याच वयाची असावी. दुपारी मला ऐकू येईल अशा बेताने ती दुसरीला सांगत होती की नव्या मॅडमचं बोलणं म्हणजे दगडावर दगड पडल्यासारखं. बरोबर आहे. लवकर कळलं ते बरं.

वेदिकाला कळवलेलं नाही. तिच्या लग्नाला मी गेले नाही त्याला चार वर्षं झाली. आता नोकरीचं काय कळवायचं?

५ नोव्हेंबर, बुधवार

यादी हाताने करायची नाही. संगणकात एक मॅक्रो आहे. बंदरावरून किती माल येणार तो आकडा भरायचा आणि बटण दाबायचं. मॅक्रो बायकांची नावं पाळीपाळीने उचलतो, टेबलं वाटतो, प्रत्येकीच्या मोबाइलवर निरोप पाठवतो आणि शेवटी यादी छापतो. अकरा मिनिटं लागतात. मी शेजारी बसून विणते.

एकच नियम आहे: मॅक्रो एका वेळी एकदाच चालला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी दोघांनी दोन संगणकांवरून एकदम सुरू केला होता. दोन्ही मॅक्रो त्याच टेबलांवर तुटून पडले. चाळीस जागांना ऐंशी बायका फाटकाशी उभ्या, दोघी दोघी एकाच खुर्चीवर हक्क सांगणाऱ्या. एकीचा हात मोडला. तेव्हापासून कुलूप घातलंय. कुलूप म्हणजे एक छोटी फाइल. मॅक्रो सुरू झाला की ती आपोआप तयार होते, तिच्यात चालवणाऱ्याचं नाव आणि वेळ पडते. काम संपलं की पुसली जाते. ती असताना दुसऱ्याने बटण दाबलं तर पाटी येते: यादी आधीच चालू आहे. दुसऱ्यांदा सुरू करू नये. ही खिडकी काही न साठवता बंद होईल.

आता संगणक एकच उरला आहे, चालवणारीही एकटी मी. तरी शकू रोज साडेनऊला दाराशी येऊन विचारते, "कोन चालवतंय काय गो आत?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहते. संध्याने लावून दिलेली सवय. मी समोर बसलेली दिसते, तरी विचारते. हा पोरखेळ आजपासून बंद, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, संध्याबायनं सांगितलंवतं, इचारल्याबिगर ऱ्हाऊ नको. मी म्हटलं, संध्याबाई गेल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

९.३२ ला मॅक्रो सुरू केला आणि चौथ्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत संगणक बंद पडलेला. माल खाली होत होता, थांबायला वेळ नव्हता. यादी हाताने लिहिली, वीस मिनिटांत. हर्षद तोंड भरून कौतुक करत होता. मी त्याला हजेरीपुस्तकातल्या चार चुका दाखवल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज बटण दाबल्यावर पाटी आली. यादी आधीच चालू आहे. चालवणारे: नि. पोतनीस. सुरुवात: शुक्रवार, ९.३२.

म्हणजे मीच. काल वीज गेली, मॅक्रो मध्येच मेला, कुलूप तसंच राहिलं. उघड गोष्ट आहे. शकू म्हणाली, संध्याबाय असं झालं की केतनला फोन करायची, हात लावायची नाय. केतन म्हणजे मॅक्रो लिहिणारा. एका मेलेल्या फाइलसाठी शहरातून माणूस बोलवायचा आणि तोवर दीडशे बायकांना ताटकळत ठेवायचं? मी फोल्डर उघडलं, फाइल पुसली, बटण दाबलं. अकरा मिनिटांत यादी हातात.

प्रिंटरवर मात्र दोन याद्या होत्या. एक माझी. दुसरीत नावं तीच, टेबलं वेगळी. नीट पाहिलं तर दुसरी जास्त शहाणी होती. पोटुशी असलेली ज्ञानेश्वरी दारापाशी, वाऱ्याला. एकमेकींशी न बोलणाऱ्या सासू-सुना दोन टोकांना. हे मॅक्रोला ठाऊक असणं शक्य नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

शकूने फाटकावर ती दुसरीच चिकटवली होती. मी काढायला सांगितली तर बायका कुरकुरल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

फाटकाच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर म्हणे नोंद आधीच झाली आहे. दादू पहारेकऱ्याने हसून आत सोडलं. वर पुन्हा कुलूप, माझ्याच नावाचं, आजचं, ८.५०. मी आले ९.०५ ला. पुसलं. पुन्हा दोन याद्या.

केतनला बोलावलं. पोरगेलासा दिसतो, पण काम जाणतो. मशीन तपासून म्हणाला, मॅक्रोत दोष नाही. मग विचारलं, कुलूप पुसायच्या आधी तुम्ही आधीचं काम खरंच थांबलंय ना बघितलं का? मी म्हटलं, वीज गेल्यावर काय चालू राहणार?

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मॅडम, आधीचं चालू असताना कुलूप काढलंत तर दोन्ही चालतात. आणि दोघांनाही वाटतं आपण एकटेच आहोत."

जाताना त्याला विचारलं, काही न साठवता बंद होईल म्हणजे काय. म्हणाला, दुसरीने तोवर जे काही केलं असेल ते झालंच नव्हतं असं धरायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल पुसलं. आजही पुसलं. मी काही घाबरत नाही, मला राग आलाय. कोणीतरी माझ्या नावाने संगणकात शिरतं आहे. पासवर्ड दोनदा बदलला.

बायका बदलल्या आहेत. आठवड्यापूर्वी मी आले की गप्प व्हायच्या. आता एक जण म्हणते, मॅडम तुमी सांगितलेला काढा घेतला, बरं वाटलं. दुसरी ओंजळभर कोकमाची सोलं आणून देते, म्हणते, तुमाला आवडतात बोललाव ना. मी कुणाला काढा सांगितला नाही. मला सोलं आवडतात हे खरं आहे.

मग ज्ञानेश्वरी पोटावर हात ठेवून म्हणाली, लेकीवर राग धरू नका हो मॅडम, फोन करा तिला.

या गावात वेदिकाचं नाव मी कुणापाशी काढलेलं नाही. कुणापाशीही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पुसलं. पाचव्यांदा; काल कुलूप नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. वेदिका. चार वर्षांनी. मी काही बोलायच्या आधीच ती बोलायला लागली, मोकळी, लहानपणी बोलायची तशी. कालपासून सारखं रडू येतंय म्हणाली. तू माफी मागशील असं कधी वाटलंच नव्हतं, आई. तू लग्नाचं बोललीस, बाबांचं बोललीस, मी रात्रभर विनीतला तेच सांगत होते.

मी काल तिला फोन केला नव्हता. सुट्टीनंतर फोनमध्ये पाहिलं. काल सकाळी ९.४०, वेदिका, सत्तेचाळीस मिनिटं. काल ९.४० ला मी मॅक्रोपुढे बसून विणत होते. फोन पर्समध्ये होता.

ती रविवारी, तेवीसला, येते आहे. ठाण्याहून गाडीने, दुपारी दीडला. विनीतही, माझा जावई. आणि मी आजी होणार आहे. हेही तिने कालच सांगितलं असणार, कारण आज ते आधीच सांगितल्यासारखं बोलत होती.

मी म्हणाले नाही की ती मी नव्हते. म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, ये.

माझ्या तोंडून कधी न निघालेल्या माफीवर माझी मुलगी मला परत मिळते आहे. हे मी कसं मोडू?

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रजा टाकली, आज हेदवीला जाऊन आले. एसटीने जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे रिक्षा. संध्याचं घर देवळाच्या अलीकडच्या वाडीत. चाळिशीची आहे, केस सगळे पांढरे. अंगणात सुपारी सुकत होती. मला बघून उठली नाही. आधी विचारलं, आज तुम्ही एकदाच आलात ना? मला प्रश्न कळला नाही. तिने शेजारणीला हाक मारून विचारलं की या बाई सकाळी येऊन गेल्या का. शेजारीण नाही म्हणाली, तेव्हा तिने चहा टाकला.

तिने सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. तिच्याकडूनही एकदा असंच झालं. वीज गेली, कुलूप राहिलं, घाईत पुसलं. तेव्हा तिची आई गावी आजारी होती आणि रजा मिळत नव्हती. चार दिवसांनी भावाचा फोन आला की तू आलीस ते बरं झालं, आई शांत आहे. ती रत्नागिरीतच होती. मग धावत इथे आली आणि या अंगणात उभी राहिली. आत आईच्या उशाशी ती स्वतःच बसलेली दिसत होती. आई तिचा हात धरून गेली. त्याच संध्याकाळी दुसरी नाहीशी झाली. काम संपलं, कुलूप आपोआप गेलं.

मी विचारलं, तू आत का गेली नाहीस? ती म्हणाली, "दोघी एका दारात उभ्या राहिल्या की एक बंद होते, मॅडम. कोण, ते आपल्या हातात नसतं."

तिचं सांगणं एवढंच. कुलूप पुसू नका. कामावर जाऊ नका. तिचं जे काम आहे ते तिला पुरं करू द्या, मग ती आपण होऊन जाईल. तिचं काम काय आहे ते मला कळत होतं. तिचं काम तेवीस तारखेला दीडच्या गाडीने येणार आहे.

निघताना तिने विचारलं, एकदाच पुसलंत ना?

मी हो म्हणाले. आयुष्यात मी खोटं फार थोड्या वेळा बोलले आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घरीच बसले. साडेआठला खालून फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं. माझी निळी साडी, माझी पर्स, माझी चालायची ढब. मालकीणबाईंनी तुळशीपाशी थांबवून काहीतरी विचारलं आणि दोघी हसल्या. या बाई माझ्याशी कधी हसल्या नव्हत्या.

निळी साडी माझ्या कपाटात होती. हात लावून पाहिली. आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही जमलं. बसून राहणं मला जमत नाही.

रिक्षाने गेले. दादूने फाटक पूर्ण उघडलं नाही. मॅडम, मघाशीच गेलाव ना आत, मग भायेर कधी आलाव? त्याच्या बोलण्यात हसू नव्हतं. शकूने मला वऱ्हांड्यात अडवलं. झाडू आडवा धरला होता.

"आता परत कशाला आलाव?"

मी म्हटलं, बाजूला हो. ती म्हणाली, ती बाय चांगली हाय, तिला आमचं कळतं. तुमी जावा. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दोघी आहोत हे त्यांना केव्हाच कळलंय, आणि त्यांनी निवडलं आहे.

खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची गरम होती. कुलूप होतं, ७.४० चं. मी पुसलं. शकू दारातून बघत होती. तिने पदर तोंडावर घेतला.

१९ नोव्हेंबर

हर्षदने जिन्यात गाठलं. रागावलेला. म्हणे मी वरच्या कोपऱ्यातल्या टेबलाला बायकांसोबत जेवत होते, त्याच वेळी शीतगृहाच्या दारात कामगारांवर ओरडत होते, आणि त्याच वेळी त्याच्यासमोर जिन्यात होते. म्हणाला, तुम्ही किती आहात ते एकदा ठरवा आणि एकच राहा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो.

किती. त्याने किती असं विचारलं.

सहा वेळा. मी सहा वेळा पुसलं.

२० नोव्हेंबर

खोलीची किल्ली लागेना. मालकीणबाई दार किलकिलं करून म्हणाल्या, पोतनीसबाई वर आहेत, झोपल्यात. तुम्ही कोण? मी नाव सांगितलं. त्यांनी दार लावलं. कडीचा आवाज आला.

ही वही पर्समध्ये होती म्हणून आहे. स्टँडवर बसून लिहिते आहे. दिवसभर बसले. समोर अलोऱ्याची गाडी लागली, गेली. कुणी हटकलं नाही.

वेदिकाला फोन लावला. ती म्हणाली, आई, आत्ताच तर ठेवलास. मग दुसऱ्याच कुणाला तरी हळूच म्हणाली, हे कोण आहे रे, आवाज आईसारखा —

२१ नोव्हेंबर

यांचं नाव आठवायला वेळ लागला. वसंत. वसंत पोतनीस. लिहून ठेवते.

साखर कारखान्याच्या फाटकाला रंग कुठला होता? तीस वर्षं त्यातून गेले. रंग —

काही न साठवता. केतन बोलला होता.

२२ नोव्हेंबर

बंद होणारी मीच असेन तर? शुक्रवारी वीज गेली तेव्हा जी बसली होती ती पहिली. शनिवारी आले ती — पण मला शुक्रवार आठवतो. वीज गेली, अंधार, जनरेटरचा धूर. सगळ्यांनाच आठवत असेल.

संध्याने सांगितलं होतं, जाऊ नका. दोघी एका दारात नको.

मी नाही गेले तर ती वेदिकाला जवळ घेईल, काम संपेल, ती जाईल. मी राहीन. आणि वेदिकाला जी आई भेटली ती मी नसेन. आयुष्यभर मी त्या दुसरीच्या माफीवर —

नाही. जाते. मी तिची आई आहे. तोंडाने सांगणार आहे. पहिल्यांदाच. मीच.

२३ नोव्हेंबर, रविवार, स्टेशन

एक वाजला. फलाट जवळजवळ रिकामा. बाकावर आहे.

पुलाच्या पायऱ्यांशी ती. निळी साडी. हातात सोनचाफ्याची पुडी. वेदिकाला आवडतो. मी आणला नाही. आठवलंच नाही.

खांबाच्या मागे आणखी एक. मांडीवर वही. लिहिते आहे.

चहाच्या टपरीपाशी एक. पाण्याच्या नळापाशी एक, पाठमोरी, तिच्याही हातात पेन. बाकीच्या असतीलच. प्रत्येकीला वाटतंय —

गाडी आली. डबा पुढे गेला. विनीत उतरला, मग ती. पोट दिसतंय. माझी मुलगी. निळी साडी पुढे गेली — वेदिका तिच्या गळ्यात —

नळापाशी आता कोणी नाही. वही फक्त जमिनीवर, पानं कोरी.

खांबाशीही नाही.

वेदिकाने इकडे पाहिलं. हसली. बाकावरच्या कुठल्याही बाईला बघून हसतात तसं. उठले आहे. उभ्यानेच लिहिते. तिला एकच गोष्ट सांगायची, म्हणजे ती ओळखेल, तिला आणि मलाच ठाऊक आहे, ती पाच वर्षांची असताना पावसात शाळेतून येताना मी तिला